रस्ता नव्याने आखताना रहिवाशांना सोबत कसं घ्यायचं: टेप, पुठ्ठा, फक्की आणि नोंदवही

सभागृहात पडद्यावर दाखवलेला रस्ता सगळ्यांनाच आवडतो. त्यातली झाडं डेरेदार असतात, पदपथावर बाबागाडी ढकलणारी आई असते आणि टेम्पो औषधालाही सापडत नाही. चहा होतो, टाळ्या पडतात. पुढे काही महिन्यांनी खोदाई सुरू झाली की पहिला दुकानदार बाहेर येऊन विचारतो, "माझा माल कुठं उतरवायचा?" उत्तर कुणाकडेच नसतं आणि काम तिथेच अडतं. मग "लोकांचा विरोध" अशी बातमी येते. खरं तर हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर एका दुपारी सुटण्याजोगा होता.

पुण्यात २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वं आली. नंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, औंधच्या डीपी रस्त्यावर काम झालं. केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत २०२२ साली निवडलेल्या ११ शहरांत पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशी आपली चार शहरं होती. म्हणजे नियम आहेत आणि बघायला नमुनेही आहेत. घोडं पेंड खातं ते रहिवाशांना कधी बोलवायचं आणि बोलावून काय विचारायचं, इथे.

हा लेख मोहल्ला समित्या, सोसायट्यांचे गट आणि क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंते या सगळ्यांसाठी आहे. उदाहरणाला १८ मीटर रुंदीचा, दोन चौकांमधला ६०० मीटरचा रस्ता धरू. खाली दुकानं, वर घरं, एक शाळा, भाजीवाल्यांची रांग, रिक्षा स्टँड, पीएमपी बसचा थांबा. असे रस्ते पुण्यात पैशाला पासरी आहेत.

आधी कागद

रस्ता महापालिकेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे पहिल्या दिवशी विचारा. चुकीच्या दारात सहा महिने घालवणारे गट कमी नाहीत. मग ही माहिती गोळा करा: विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा, शेवटच्या डांबरीकरणाची तारीख आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (बिघाड त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) कधी संपतो ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, महावितरण, गॅस आणि केबलवाल्यांची पुढच्या दोन वर्षांतली नियोजित खोदाई, आणि पावसाळी गटाराचा नकाशा. आधी साधा अर्ज करा. कनिष्ठ अभियंता बऱ्याचदा टेबलावरच नकाशा दाखवतो. नाहीच मिळालं तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला ३० दिवसांची मुदत.

आराखड्यात १८ मीटर लिहिलंय म्हणून जागेवर १८ भरतील असं नाही. दर २० मीटरला भिंत ते भिंत टेप लावा. जिथे एखाद्या मालकाकडून जागा ताब्यात आलेली नाही, तिथे रस्ता अचानक दोन-अडीच मीटरने आवळतो. ६०० मीटरला ३१ मापं होतात. दोन माणसं टेपला आणि एक वहीला असली की एक सकाळ पुरते. रचना सगळ्यात अरुंद मापाला बसली पाहिजे. सरासरीवर काढलेला नकाशा त्याच एका अरुंद जागी फसतो आणि तिथे नेमका पदपथ कापला जातो.

पैशाचं वेळापत्रकही आत्ताच समजून घ्या. महापालिकेचा अर्थसंकल्प वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मांडला जातो, म्हणून मागणी त्याच्या बरीच आधी, पावसाळा सरता सरता आत गेली पाहिजे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. पण ते बाक, दिवे, एखादी क्रॉसिंग अशा छोट्या कामांसाठी. अख्खा रस्ता त्यात बसत नाही. आमचा सल्ला: पहिल्या वर्षी फक्त सर्वेक्षण, आराखडा आणि चाचणी यांची तरतूद मागा, बांधकामाची पुढच्या वर्षी. एकाच वर्षात सगळं मागितलं की मार्चअखेरीस बिलं काढायच्या घाईत पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होतात.

मोजणी

"इथे फार ट्रॅफिक असतं" हे मत आहे. त्याला आकडा लागला की बैठकीतला निम्मा आवाज खाली येतो.

शाळा चालू असताना, सण टाळून, तीन दिवस निवडा: आठवड्यातला मधला एक वार, एक रविवार आणि आठवडी बाजार असेल तर तो. सकाळी ८ ते १०, दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ६ ते ८:३०. रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारा आणि रेघ ओलांडणारं प्रत्येक माणूस आणि वाहन दर १५ मिनिटांच्या रकान्यात टिपा. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं हवीत. एक जण चालणारे मोजतो, दुसरा वाहनं. चालणाऱ्यांचे मात्र दोन वेगळे रकाने ठेवा: पदपथावरून चालणारे आणि डांबरावरून चालणारे. दुसरा रकाना सोन्याचा. पदपथ असूनही माणसं खाली उतरत असतील तर पदपथावर काहीतरी आडवं येतंय, आणि नेमकं कुठे, हे त्यातून कळतं.

नंतर वाहनांची माणसं करा. समजा एका तासात ३०० मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस, तर ४५० जण. २० बस, प्रत्येकी ३५ जण, म्हणजे ७००. चालणारे ९००. ही तीन आकड्यांची पाटी बैठकीच्या दारात लावा, भाषण करू नका.

पार्किंगची मोजणी वेगळी. सकाळी १० ते रात्री ८, दर अर्ध्या तासाला फेरी मारून उभ्या गाड्यांच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. एका माणसाला १०० मीटर पट्टा द्या. मोठा दिला की फेरी वेळेत पूर्ण होत नाही. संध्याकाळी तक्ता जुळवला की कोणती गाडी किती वेळ हलली नाही ते दिसतं. दिवसभर एकाच जागी असलेल्या गाड्या पुष्कळदा दुकानातल्याच लोकांच्या निघतात. इथे एक पथ्य पाळा: कुणाची गाडी हे जाहीर करू नका. "४० जागांपैकी इतक्या जागा दिवसभर अडलेल्या होत्या" एवढंच सांगा. नाव घेतलंत तर तो माणूस पुढचं वर्षभर तुमच्या विरोधात राहील.

गिऱ्हाईक कसं येतं, हे दुकानदाराच्याच हातून मोजून घ्या. दहा दुकानांच्या गल्ल्यावर एक-एक कागद ठेवा, वीस गिऱ्हाइकांना एकच प्रश्न: चालत, बसने, रिक्षाने, दुचाकीवर की मोटारीने आलात? तुमचं सर्वेक्षण तो मानणार नाही. स्वतःच्या अक्षरातलं मानतो.

पावसातली पाहणी जुलैतच उरकून घ्यावी लागते, ती डिसेंबरात करता येत नाही. मोठी सर पडून गेल्यावर अर्ध्या तासाने फेरी मारा आणि पाणी जिथे तुंबलंय तिथल्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहा. खांबाचा क्रमांक हा या सगळ्या कामातला पत्ता आहे. "त्या बेकरीपुढे" असं लिहिलं तर सहा महिन्यांत बेकरीचं मोबाइलचं दुकान झालेलं असतं.

कुणाला भेटायचं, कुठे, किती वाजता

एकच मोठी सभा घेतली की सोसायट्यांचे अध्यक्ष, निवृत्त मंडळी आणि दोन-तीन ठरलेले वक्ते येतात. दिवसातले दहा तास त्या रस्त्यावर काढणारे येत नाहीत. म्हणून लोक जिथे आहेत तिथे जा. रिक्षावाल्यांना दुपारी १२ ते १ स्टँडवर गाठा. भाजीवाल्या बायकांशी माल लावून झाल्यावर आणि गिऱ्हाईक सुरू होण्याआधी बोला, उभ्या-उभ्याच. शाळेच्या गेटवर सुटायच्या वेळेआधी वीस मिनिटं पालक रिकामे उभे असतात. दुकानदारांसाठी दुपार बरी. जिथे अजून १ ते ४ पाळलं जातं तिथे साडेतीन वाजता जा, झोपमोडीचा दोष येणार नाही. कचरा वेचणाऱ्या, झाडणारे कर्मचारी, बसचे चालक, माल पोचवणारे टेम्पोवाले, अंध आणि चाकाची खुर्ची वापरणारे रहिवासी यांची नावं यादीत शेवटी येतात आणि मग गळतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा. गणेश मंडळाला स्वतंत्र वेळ द्या.

"तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. त्यावर "पार्किंग" आणि "उड्डाणपूल" अशीच उत्तरं येतात. विचारा: तुम्ही कुठे थांबता, किती वाजता, किती वेळ? रस्ता कुठून ओलांडता, आणि तिथूनच का? पावसात कोणत्या बाजूने चालता? कोणती वस्तू रोज आडवी येते? या उत्तरांवरून नकाशा काढता येतो.

फेरीवाल्यांच्या बाबतीत कायदा नीट माहीत हवा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. विक्रेत्याला दुसरीकडे हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. रस्ता सुंदर करायचा म्हणून एका सकाळी गाड्या उचलल्या, तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं, आणि जायलाही हवं. आराखड्यातच त्यांची जागा काढा. फळीवर भाजी मांडणाऱ्याला साधारण १.५ बाय १.५ मीटर पुरते, पण त्याच्यापुढे उभ्या गिऱ्हाइकाचा एक मीटर मोजायला विसरतात. तो मोजला नाही की गिऱ्हाईक पदपथाची वाट अडवतं आणि शिव्या भाजीवालीला बसतात.

पुठ्ठ्याचा खेळ

१:१०० प्रमाणात रस्त्याचा नकाशा छापून घ्या. ६०० मीटरचा रस्ता सहा मीटर लांबीची गुंडाळी होतो. दुकानांची नावं, झाडं, खांब, विजेच्या डीपीच्या पेट्या, चेंबरची झाकणं, शाळेचं गेट सगळं त्यावर हवं. दुकानाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पटांगणात तो अंथरा.

शेजारी १८ सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी आणि पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. वाहनांची मार्गिका सव्वातीन सेंमी, समांतर पार्किंग सव्वादोन, काटकोनी पार्किंग पाच, पदपथ तीन. मग लोकांना रस्ता बसवायला सांगा. चार मार्गिका हव्यात म्हणणारा १३ सेंमी भरून टाकतो. उरलेल्या पाचात दोन्ही बाजूंना अडीच-अडीचचा पदपथ, बस्स. पार्किंग नाही, झाड नाही, बसथांब्याला छप्पर नाही. दोन्ही बाजूंना काटकोनी पार्किंग मागणारा दहा सेंमी त्यातच घालवतो, मधे सात ठेवतो आणि हातात उरतो एक. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मीटरचा पदपथ. तो स्वतःच हसतो आणि तुकडे उचलायला लागतो. हे समजावून सांगायला अभियंत्याला अर्धा तास लागला असता आणि तरी पटलं नसतं.

बहुतेक गट फिरून-फिरून एका जागी येतात: पदपथ ३ + ३, मधे रस्ता ७.५, आणि दोन्ही बाजूंना सव्वादोन मीटरचा पट्टा, ज्यात आळीपाळीने पार्किंग, झाडं, बसथांबा, रिक्षा स्टँड, माल उतरवायची जागा आणि विक्रेते. बेरीज १८. त्या पट्ट्यातल्या जागांची वाटणी हाच खरा वाद आणि तो लोकांनीच आपसांत घालायचा आहे. तुम्ही फक्त मापं पुरवा. एका मोटारीच्या पाच मीटरच्या जागेत पाच दुचाकी मावतात. सहा रिक्षांच्या रांगेला १८ मीटर लागतात. छोटा टेम्पो जेमतेम चार मीटरचा, पण फाळका पाडून मागे पोतं उचलायला माणूस उभा राहायचा तर सात मीटर धरा. चारच धरलेत तर टेम्पो रस्त्यात तिरका उभा राहतो आणि मागची बस अडकते.

फक्कीचा रविवार

कागदावर होकार देणारे लोक डांबरावर आखलेली रेघ बघून मत बदलतात, दोन्ही दिशांनी. म्हणून ठेक्याचा कागद हलायच्या आधी आराखडा खऱ्या मापात रस्त्यावर काढा. ही पायरी गाळणाऱ्यांचं हसं होतं, आणि गाळली जाते ती बहुधा "एवढ्या सकाळी कोण येणार" म्हणून.

६०० मीटर नको, सगळ्यात अडचणीचे २०० मीटर घ्या. वाहतूक पोलीस आणि क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा. रविवारी पहाटे साडेपाचला बारा जण, दोन टेप, सुतळीचे गुंडे, खिळे आणि मैदान आखतात ती पांढरी फक्की. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार रेघा २०० मीटर आखायला २५ किलोच्या दोन गोण्या पुरतात. चुनकळी मुळीच आणू नका. डोळ्यात गेली तर इजा होते आणि तिथे मुलं असतात. सुतळी ताणून मगच फक्की सोडा, नुसत्या अंदाजाने रेघ नागमोडी जाते आणि मग सगळी चर्चा रेघेवरच होते.

साडेसहाला रेघा तयार. आता खरी परीक्षा. पार्किंगच्या चौकोनात गाडी लावून दार उघडा: दार पदपथात येतं की वाहत्या रस्त्यात? रिकामा टेम्पो आणून फाळका पाडा. चाकाची खुर्ची घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. खांब आणि झाडाच्या कट्ट्यामधून ती जात नसेल तर तिथेच खडूने फुली मारा. चौकातल्या कोपऱ्याचा गोलवा कमी केला असेल तर कचऱ्याची मोठी गाडी प्रत्यक्ष वळवून बघा. कोपरा जितका गोल आणि ऐसपैस, तितकी वाहनं जोरात वळतात, म्हणून तो आवळायचा असतो. पण बसचा मार्ग त्याच वळणावरून असेल तर तिथे हात आखडता घ्यावा लागतो. पीएमपीच्या डेपोला आणि अग्निशमन केंद्राला आधी पत्र द्या. त्यांच्या चालकाचं एक "जाईल की" हे दहा तांत्रिक अहवालांपेक्षा रहिवाशांना जास्त पटतं.

दुकानं उघडायच्या आत फुल्यांचे फोटो, खांबाच्या क्रमांकासह.

पंधरा दिवसांची चाचणी

फक्की दोन दिवसांत उडते. पुढची पायरी शंकू, पाण्याचे प्लॅस्टिक अडथळे आणि कुंड्यांची. वाहतुकीत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ खाली वाहतूक शाखेचा आदेश निघावा लागतो. त्याविना ठेवलेला शंकू हा नुसता रस्त्यातला अडथळा आणि अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. दोन मीटरला एक शंकू म्हटलं तर २०० मीटरच्या दोन्ही बाजूंना २०२ लागतात. वीस जास्त मागा, कारण पहिल्या दोन रात्रींत काही गायब होतात आणि काही बसखाली चपटे. चौकाजवळ एक-एक मीटरवर ठेवा. परावर्तक पट्टी नसलेला शंकू रात्री कुणाला दिसत नाही.

पहिले तीन-चार दिवस गोंधळ होणारच. लोक जुन्या सवयीने येतात. त्या दिवसांचे व्हिडिओ ग्रुपवर फिरतील, फिरू द्या. मोजणी दुसऱ्या आठवड्यात, त्याच खडूच्या रेघेवर, त्याच वेळांना. तिसऱ्या दिवशी घाबरून शंकू उचलले तर हातात फक्त गोंधळाचा पुरावा उरतो आणि तो रस्ता पाच वर्षं कुणी हातात घेत नाही.

दुचाकी पदपथावर चढतात, ही तक्रार हमखास येईल. खांब रोवा, असं सगळे सुचवतात. पण चाकाच्या खुर्चीला ९० सेंमी मोकळी जागा द्यावी लागते आणि त्यातून दुचाकी सहज निसटते. नुसत्या खांबांनी हा प्रश्न सुटत नाही. दुचाकी का चढते ते बघा: समोर रांग तुंबलेली असते किंवा जवळ लावायला जागा नसते. दर ५०-६० मीटरला दहा-पंधरा दुचाकींचा कप्पा दिला की निम्मं काम होतं, उरलेलं वाहतूक पोलिसाचं.

दीर्घ चाचणीला हिंमत होत नसेल तर एक दिवसाची करा. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. पण एका दिवसाचा उत्सव आणि रोजचा रस्ता यांत फरक आहे. रांगोळ्या आणि बँडच्या गर्दीवरून पार्किंगचा निष्कर्ष काढू नये.

नोंदवही

बैठका, फक्की आणि चाचणीत आलेली प्रत्येक सूचना एका वहीत. रकाने: क्रमांक, तारीख, सांगणारा कोणत्या गटातला (नाव नको), खांबाचा क्रमांक, सूचना, निर्णय, कारण. निर्णय तीनच प्रकारचे: घेतली, थोडी बदलून घेतली, घेतली नाही. कारणाचा रकाना रिकामा राहता कामा नये. "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हे कारण नव्हे. "खाली ६०० मिमीची पाण्याची लाइन आहे, झाड लावता येत नाही" हे कारण. हा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, ३० दिवस सोसायट्यांच्या फलकांवर, रिक्षा स्टँडवर आणि शाळेच्या गेटवर लावा. नकार मिळालेला माणूससुद्धा आपलं म्हणणं लिहिलेलं पाहून निवळतो.

व्हॉट्सॲप ग्रुप सूचना पोचवण्यापुरता ठेवा. तिथे दिवसाला चाळीस संदेश टाकणारा माणूस म्हणजे अख्खा रस्ता नव्हे.

आणि सगळंच मताला टाकायचं नसतं. बाकांचा रंग, झाडांच्या जाती, विक्रेत्यांच्या वेळा यांवर हात वर करून ठरवा. रॅम्प, अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या टाइल्स, क्रॉसिंगची जागा यांवर मतदान नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे आणि बहुमताने तो रद्द होत नाही.

उंबरठ्याची पातळी

झालेल्या पदपथांबद्दल सगळ्यात कडू तक्रार कुठली असते माहीत आहे? पाणी दुकानात शिरतं. आणि याला जबाबदार असते एक न केलेली मोजणी.

भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) पादचारी सुविधांच्या संहितेनुसार पदपथ रस्त्यापासून १५ सेंमीपेक्षा उंच नसावा. पाणी वाहून जायला त्याला रस्त्याकडे साधारण ५० ला १ असा उतार देतात. तीन मीटर रुंदीला हा उतार सहा सेंमी. म्हणजे कडेला १५ आणि दुकानाच्या बाजूला २१ सेंमी. आता एखाद्या जुन्या दुकानाचा उंबरठा रस्त्यापासून १२ सेंमीवर असेल तर? पदपथ दुकानापेक्षा नऊ सेंमी वर गेला. कडेची उंची १० केली तरी दुकानाशी १६ भरतात, पाणी आतच. अशा ठिकाणी दुकानांच्या रेषेत जाळी बसवलेली पन्हळ काढून ती पावसाळी चेंबरला जोडावी लागते, आणि हे नकाशात आधी असावं लागतं. नंतर ठेकेदार सिमेंटचा एक उंचवटा लिंपून जातो, त्याला ठेचकाळून म्हातारी माणसं पडतात.

म्हणून गवंड्याकडची लेव्हलची नळी घेऊन प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी लिहा. ८० दुकानं एका दिवसात होतात. सोबत दुकानदाराला आकडा दाखवा. त्या क्षणापासून तो तुमच्या बाजूचा. दुसरं, नवं डांबर टाकण्याआधी जुनं खरवडायची अट घाला. दर थराला रस्ता चार-पाच सेंमी वर येतो आणि काही वर्षांत कर्ब, म्हणजे पदपथाची उंच कड, पुरला जातो.

नकाशात तपासायच्या बाकी गोष्टी

सोसायट्यांच्या आणि दुकानांच्या प्रवेशाशी पदपथ खाली उतरवू नका. गाडीने वर चढावं, माणसाने सरळ चालावं. १५ सेंमी चढायला १२ ला १ उताराचा १.८ मीटर लांब रॅम्प लागतो; तो पदपथाच्या वाटेत न येता कडेच्या पट्ट्यात बसवा. मोकळी वाट कुठेही १.८ मीटरपेक्षा कमी नको, बाजारात अडीच. डोक्यावर २.२ मीटर मोकळं; दुकानांच्या पाट्या आणि छपरांची टोकं इथेच कपाळाला लागतात. अंधांसाठीच्या टाइल्स सरळ रेषेत असाव्यात आणि डीपीच्या पेटीत जाऊन संपू नयेत (हसू नका, अशा पुष्कळ आहेत). झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी. हरित लवादाचा तसा आदेश आहे. पदपथाखाली रिकाम्या नळ्या आणि ठरावीक अंतरावर चेंबर ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी केबलवाला पहिला ब्लॉक उचलेल.

सणांचा विचार पुण्यात तरी नकाशातच हवा. मांडवाच्या खांबांसाठी पट्ट्यात झाकणाच्या लोखंडी नळ्या पुरून ठेवल्या की दरवर्षी खड्डे पाडायची गरज राहत नाही; कुठे पुरायच्या ते मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारा. पालखी किंवा विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर मधले खांब कुलपाचे, काढता येणारे असू द्या आणि किल्ली कुणाकडे हे लिहून ठेवा.

काम चालू असताना

१००-१०० मीटरचे टप्पे. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, ही अट निविदेतच. सगळे ६०० मीटर एकदम खणले की धंदा बुडाल्याची ओरड खरी असते. प्रत्येक दुकानापुढे फळी, रात्री दिवा, राडारोडा रोजच्या रोज. फलकावर ठेकेदार, कनिष्ठ अभियंता, रक्कम, मुदत.

रहिवाशांच्या दोन-तीन जणांनी रोज फेरी मारावी आणि कामाच्या परिमाणांचा तक्ता हातात असावा. चालायच्या जागी ६० मिमी जाडीचे ब्लॉक चालतात, गाडी चढते तिथे ८० मिमी आणि खाली काँक्रीट. ब्लॉकखालचा वाळूचा थर २५ ते ४० मिमी. जास्त टाकून पातळी साधली असेल तर पहिल्या पावसात ब्लॉक खचतात. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारलं जातंय का बघा. टप्पा संपला की दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते उभं राहून पाहा. ज्याच्या उंबऱ्याशी ते थांबेल त्याला बोलवा, कनिष्ठ अभियंत्याला बोलवा, आणि पुढचा टप्पा उघडायच्या आत दुरुस्ती लिहून घ्या. वाद घालण्यापेक्षा बादली बरी.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच मोजणी, तोच तक्ता, तीच खडूची रेघ. डांबरावरून चालणाऱ्यांचा रकाना कुठे भरलेला दिसला तर त्या दोन खांबांमधल्या पदपथावर चालत जा. तिथे एखादी दुचाकी, जनरेटर नाहीतर दुकानाबाहेर मांडलेला माल उभा सापडेल. खांबाचा क्रमांक लिहा आणि फोटो काढून अतिक्रमण विभागाला द्या.